झालं म्हणेपर्यंत

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मंदाबाई बाभळीचा काटा आणि पाण्याचा तांब्या घेऊन मैदानात जायची आणि भावाच्या नावातला चुना उकरत बसायची.

हे काम तिनं पाच वर्षं केलं. धामणखेडच्या बाजाराच्या मैदानात काळ्या दगडाचा एक खांब आहे, त्यावर चार नावं आहेत. बेचाळीसच्या ऑगस्टात गावानं ठाण्यावर मोर्चा नेला, ठाण्यातून गोळ्या आल्या, चौघं पडले. स्मारक समितीनं नावं वयाप्रमाणे कोरली. श्रीधर एकोणीस वर्षांचा, सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्यांत खाली. आणि सगळ्यांत खाली म्हणजे खांबाच्या ओट्यावर टेकलेल्या माणसाच्या बरोबर हाताशी. शुक्रवारी बाजार. बाजाराला आलेला माणूस ओट्यावर टेकणार, तळहातावर तंबाखू मळणार, चिमूट ओठाआड सरकवणार आणि बोटाला उरलेला चुना, मागं न बघता, खांबाला पुसणार. दगड काळा, चुना पांढरा. संध्याकाळपर्यंत वरचे तिघे जसेच्या तसे, आणि श्रीधर पोतारलेल्या भिंतीसारखा.

मंदाबाई विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली तेव्हा श्रीधर दहाचा होता, बिनआईचा. त्याला तिनं वाढवला. आता ती बेचाळीस वर्षांची होती आणि वडिलांमागं किराणा दुकान तीच चालवत होती. दुकान खांबाच्या अगदी समोर. गादीवर बसून गूळ जोखतानाही तिला खांब दिसायचा, आणि खांबाचं काय चाललंय तेही दिसायचं. उन्हाळ्यात ओट्यावर मिरच्या वाळायच्या. पोरं घसरगुंडी करायची. वर्ध्या-नागपूरहून मोटारीनं येणारे पाहुणे जास्त शिकलेले. ते आधी हार घालायचे, मग त्याच ओट्यावर डबे सोडायचे आणि जाताना केळीची सालं हुतात्म्यांच्या हवाली करून जायचे. आणि बंडूजीचा बैल. बंडूजी दर शुक्रवारी आपला पांढराशुभ्र बैल खांबालाच बांधायचा, जणू सरकारनं खांब त्याच्यासाठीच रोवला होता.

ती ओरडून पाहायची. दोनदा तर हातात तराजू घेऊनच धावली.

"काऊन कल्ला करता, मंदाबाई?" बंडूजी म्हणाला. "बैलाले का समजते? त्याले खुंटा पायजे."

"बैलाले नाई समजत. तुले तं समजते ना? का तुलेई खुंटाच पायजे?"

बाजार हसला. बंडूजीही हसला. बैल तिथंच राहिला.

तिला एकच गोष्ट हवी होती. खांबाभोवती लोखंडी कठडा, कमरेएवढा, ज्याच्या आत हात पोचणार नाही. समितीकडं लोखंड येणार होतंच. पण समितीचे अध्यक्ष बापूराव यांच्या मनात कमान होती. मैदानाच्या तोंडाशी उंच कमान आणि कमानीवर समितीच्या सभासदांची नावं. बापूराव गावच्या जमीनदाराचे, मालगुजाराचे, पुतणे. मालगुजारी जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांच्या चालण्यातून ती अजून गेली नव्हती.

"कठडा कशाले?" बापूराव सभेत म्हणाले. "हुतात्म्याईले काय पुन्हा गजाआड घालता, बाई?"

सभा खो खो हसली.

"लोकं तिथं चुना पुसून राह्यले, बापूरावजी. माह्या भावाच्या नावाले."

"आपल्या गावचे लोकं? श्रद्धाळू लोकं आहेत. पुरावा आना. तोंडच्या तक्रारीवर समिती नाई चालत."

पुरावा! दर शनिवारी तिच्या नखांत जो पांढरा भुगा असायचा, तो बापूरावांना पुरावा वाटत नव्हता. ती घरी आली, तव्यावर भाकरी टाकली आणि विचार करता करता करपवली. करपलेल्या वासातच तिला नत्थूजी आठवला.

नत्थूजी फोटोवाला आर्वी, आष्टी असे बाजार करत शुक्रवारी धामणखेडला यायचा. तिपाईवर लाकडी पेटी, पेटीवर काळं फडकं, पाठीमागं कमळांच्या तळ्याचा रंगवलेला पडदा, आणि गिऱ्हाइकांसाठी एक कोट आणि एक बंद पडलेलं घड्याळ. अर्ध्या तालुक्याचे जावई त्या एकाच कोटात पसंत झाले होते. त्याची रीत ठरलेली. फडक्यात डोकं घालायचं, नीट पाहायचं, बाहेर यायचं, "हलू नका" म्हणायचं, भिंगावरचं झाकण काढायचं, तीन मोजायचे, झाकण लावायचं, आणि मग मोकळ्या गळ्यानं "झालं!" 'हलू नका' आणि 'झालं' यांच्या मधे कुणी श्वास घेत नसे. जो हलला त्याचं तोंड फोटोत पुसट यायचं आणि तो फोटो जन्मभर घरात टांगलेला राहायचा.

मंदाबाईच्या घरात असाच एक टांगलेला होता. एक्केचाळीस सालचा. कोट तोच, तळं तेच, घड्याळ तेच. आणि कोटाच्या वर तोंडाच्या जागी एक धुरकट ढग, त्यात दातांची पांढरी रेघ. श्रीधर मधेच हसला होता. त्याचा दुसरा फोटो नव्हता.

चैत्रातल्या शुक्रवारी नत्थूजीनं दुकानाच्या दारात तिपाई उभी केली. समोर सगळं जसं हवं तसं होतं. ओट्यावर मिरच्या, मिरच्यांशेजारी सहा माणसं, खांबाला बैल, आणि एक म्हातारी तर ओट्यावर पाय लांब करून घोरत होती. मंदाबाईला आनंद झाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते सगळं बघून आनंद झाला. नत्थूजीनं काळं फडकं झटकलं मात्र.

"अरे, फोटो! फोटो निंगून राह्यला!"

मिरच्यांचं पोतं झालं. बैल सुटला आणि लिंबाआड गेला. सहाही जण उठले, टोप्या सरळ झाल्या, सदऱ्यांची बटणं लागली, हात जुळले. म्हातारी जागी झाली, तिनं पदर घेतला आणि ओट्यावर डोकं टेकवलं ते उचललंच नाही.

"एक. दोन. तीन. झालं!"

आणि झालं. टोप्या मागं सरकल्या, ढुंगणं ओट्यावर गेली, मिरच्या पसरल्या, बैल आला. म्हातारी पुन्हा घोरायला लागली.

चार शुक्रवार हेच. चार फोटो, आणि चारही फोटोंत असं भाविक गाव की बघणाऱ्यानं चपला काढाव्यात. नत्थूजीनं रिवाजाप्रमाणे ते नमुन्याच्या पाटीवर लावले, तिथं बापूरावांनी पाहिले आणि सगळे मागून घेतले.

"वा, मंदाबाई!" पुढच्या सभेत ते म्हणाले. "पुरावा मांगतला तं तुमीच आनला! पाहा हो, काय शिस्त आहे, काय भक्ती आहे. आता कठड्याचा विषय खतम."

कठडा खोडला गेला. कमान कायम झाली. तिचेच फोटो तिच्याच तोंडावर फेकून सभा चहा प्यायला उठली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही हे सांगायला नको. पण रागानं डोकं भणभणत असताना माणसाला कधीकधी फार स्वच्छ दिसतं. दुसऱ्या दिवशी चुना उकरताना तिनं तो पाण्यात वाहू दिला नाही. कागदाच्या पुडीत बांधून ठेवला. आणि शुक्रवारी नत्थूजी चहाला दुकानावर टेकला तेव्हा म्हणाली,

"नत्थूजी, तुमी झालं म्हनता, तवा लोकं काय करते?"

"काय करते? श्वास सोडते."

"मंग तवा घ्या फोटो."

नत्थूजीची बशी तोंडाशीच थांबली. "नाई जी. हे नाई होनार."

"काऊन नाई?"

"तीस वर्षं झाले या पेटीले. मायबाया आपल्या पोरी उभ्या करते माह्या समोर, ते माह्या एका बोलावर. मी झालं म्हटलं की झालं. त्याच्या बाद मी कोनाकडं पेटी नाई रोखत. ते बेइमानी होते, बाई."

"बेइमानी." मंदाबाईनं पुडी सोडून त्याच्यापुढं ठेवली. "हे पाहा."

"हे काय? चुना?"

"माह्या भावाच्या नावातून काढला. हा एका बाजाराचा हाये. पाच वर्षांचा ठेवला असता तं घर पोतारून झालं असतं. आता तुमी सांगा मले, बेइमानी कोन्ती."

नत्थूजीनं बशी खाली ठेवली. मग भलत्याच सुरात म्हणाला, "श्रीधरले मी रागावलोतो त्या दिवशी. हासला म्हनून."

"काय म्हनला तो?"

"म्हने, नत्थूजी, इतका वेळ मुर्दा कोन राह्यते?"

मंदाबाईनं गूळ फोडायला घेतला. ढेप चांगली कडक होती, म्हणून बरं झालं.

"एकच डाव," उठताना नत्थूजी म्हणाला. "एकच. पुन्हा नाई."

त्या वर्षी हुतात्म्यांचा दिवस नेमका शुक्रवारी आला. चार दिवस पाऊस लागून राहिला होता, त्या दिवशी उघाडी पडली आणि ऊन असं पडलं की नत्थूजी म्हणाला, देवही तुमच्या बाजूनं आहे बाई. वर्ध्याहून मोटार आली. भाषणं झाली. वक्त्यांपैकी कुणालाच चारही नावं पाठ नव्हती. बापूराव तीनच म्हणाले आणि 'इत्यादी' म्हणाले. श्रीधर इत्यादीत गेला. मग हार, मग फोटो. बापूराव मधोमध, पाहुणे दोन्हीकडं, समिती मागं, हात जुळलेले, माना झुकलेल्या.

"हलू नका. एक. दोन. तीन. झालं!"

नत्थूजीनं पेटीत फोटोचा कागद लावलाच नव्हता. तो आता लावला. काळं फडकं घडी करतोय असं दाखवत तो पेटीआड उभा राहिला. मंदाबाई दुकानाच्या फळीवरून बघत होती. सगळ्या मैदानात तिला एकटीला ठाऊक होतं की झाकण त्याच्या मुठीत आहे.

समोर बापूराव ओट्यावर बसले. वर्ध्याचे पाहुणे बुटाला लागलेला चिखल ओट्याच्या कडेला घासून काढू लागले. समितीतल्या एकानं हुतात्म्यांचा एक हार काढून आपल्या सायकलीला अडकवला. बंडूजीनं बैल आणला. आणि बापूरावांनी खिशातून डबी काढली, तंबाखू मळली, चिमूट ओठाआड सरकवली, हात मागं नेला आणि बोट श्रीधरच्या नावावर टेकवलं. टेकवलं ते तिथंच ठेवून शेजारच्याशी बोलत राहिले.

एक. दोन. तीन. या वेळी नत्थूजीनं मनात मोजले.

फोटो असा स्वच्छ आला की मंदाबाईला तो हातात धरवेना. बापूरावांच्या बोटाचं नखसुद्धा दिसत होतं. बैल सगळ्यांत चांगला आला होता. तोच एक अजिबात हलला नव्हता.

सभेत तिनं तो टेबलावर ठेवला. बापूरावांनी चष्मा लावला. त्यांचं तोंड आधी पांढरं झालं, मग लाल.

"हा फोटो कवा काढला?"

"झालं म्हटल्यावर."

"म्हटल्यावर? म्हनजे धोका!" त्यांनी फोटो वर धरला. "पाहा हो! आपन याच्या भरोशावर मोकळे झालो अन् यानं मागून वार केला!"

मग जी सभा पेटली ती मंदाबाई जन्मभर विसरली नाही. जो तो बोलू लागला. असा धोका! उद्या हा माणूस आमच्या बायका-पोरींचे असेच फोटो काढील! ज्यानं सायकलीला हार अडकवला होता, त्याचा आवाज सगळ्यांत चढा. नत्थूजीनं गावाचा विश्वासघात केला, असा ठराव झाला, अनुमोदनासह.

"अन् चुना?" मंदाबाई उभी राहिली. "चुन्याचा ठराव?"

"कोन्ता चुना?" बापूराव म्हणाले.

शुक्रवारी तिनं तो फोटो दुकानाच्या दारावर खिळ्यानं ठोकला. घ्या, बघा, आपापली तोंडं बघा, असं म्हणून ती गादीवर बसली. गर्दी झाली. लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघू लागले. ती वाट बघत होती की आता कुणीतरी मान खाली घालील, एक जण तरी.

"अबे, हा मी! मांगं, धोतरवाला!"

"सायकल पाह्य कशी चमकून राह्यली."

आणि बंडूजी पुढं घुसला, फोटोला नाक लावून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मंदाबाई," तो सद्गदित होऊन म्हणाला, "माहा बैल काय आला जी! जसा नंदी. मले याची एक कापी पायजे. देव्हाऱ्यात लावतो."

मंदाबाईनं हातातलं अर्ध्या शेराचं माप मिठाच्या पोत्यावर असं आपटलं की मीठ उडून बंडूजीच्या मिशीवर बसलं. "निंघ इथून. तू, तुहा बैल, तुही कापी. निंघ!"

नत्थूजीचं मात्र त्या दिवसापासून धामणखेडात भागेना. त्यानं पडदा लावला, कोट झटकला. एक नवी जोडी उभी राहिली. त्यानं रीतसर फोटो काढला, "झालं!" म्हणाला. जोडी हलेना. तो पुन्हा म्हणाला, "झालं जी, मोकळे व्हा." नवरी डोळे ताणून तशीच.

"आमाले माहीत हाये तुमचं झालं," नवरीची आई म्हणाली. "आधी झाकन दाखवा. अन् पेटीवर फडकं टाका. अन् तुमी लिंबापाशी जाऊन उभे राहा."

दुपारी तो दुकानावर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर तिपाई आणि पेटी होती. दोन्ही त्यानं दाराशी टेकवली.

"गेला माहा बोल, बाई. या गावात तं गेलाच. आष्टीपावतर बातमी गेली म्हंते."

मंदाबाईनं तराजू बाजूला ठेवला. "माह्यापायी झालं, नत्थूजी."

"पुडी म्या माह्या डोयानं पाह्यली होती. तुमी काई मले जबरदस्ती केली नाई." त्यानं पेटीवर थाप मारली. "हे ठेवा तुमी. मी दुसरी घेतली. हिचा भाता फाटला, आत उजेड शिरते. फोटो नाई निंगत आता हिच्यातून."

"मंग मी काय करू हिचं?"

"फोटो निंगत नाई," नत्थूजी उठत म्हणाला, "हे तुमाले माहीत हाये अन् मले माहीत हाये."

तो गेला. वळून पाहिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी, बाजार भरायच्या आधी, मंदाबाईनं पेटी दुकानाच्या दारात खांबाकडं तोंड करून उभी केली आणि काळ्या फडक्यात डोकं घातलं. आत जुन्या लाकडाचा आणि औषधांचा वास होता. मागच्या काचेवर मैदान उलटं लटकत होतं. आभाळ खाली, ओटा वर. खांबही उलटा, आणि उलट्या खांबावर सगळ्यांत उंच श्रीधर, बाकीचे तिघे त्याच्या खाली. ती तशीच उभी राहिली, पाठीला घाम फुटेपर्यंत.

मग बाजार भरला. बंडूजी बैल घेऊन आला, त्यानं पेटी पाहिली आणि जागच्या जागी थबकला. फडकं हलत होतं का, झाकण लागलेलं होतं का, त्याला काही कळेना. त्यानं बैल लिंबाला बांधला. तंबाखूवाले ओट्याजवळ आले, पेटीकडं पाहून डब्या खिशात घातल्या. कुणी बसेना. येणारा-जाणारा खांबापाशी आला की टोपी सरळ करी आणि हात जोडी. सकाळभर ओटा मोकळा राहिला. कठडा नव्हता, आणि तरी हात कुणाचा आत गेला नाही.

दुपारी बापूराव आले. कमानीची जागा दाखवायला दोन पाहुणे बरोबर होते. पेटी दिसताच त्यांची छाती वर आली, उपरणं नीट झालं, दोन्ही पाहुण्यांना त्यांनी कोपरांनी आपल्या ओळीत ओढलं आणि खांबापुढं उभं राहून हात जोडले. पेटीला.

तेव्हा मंदाबाईच्या ध्यानात आलं. सकाळपासून सगळे हेच करत होते. तोंडं तिच्या दुकानाकडं, हात तिच्या दुकानाकडं, आणि पाठी श्रीधरकडं. एकानंही वळून नाव वाचलं नव्हतं. पाच वर्षं चुना, आणि आता पाठ.

ती गादीवरून उठली. तिपाई पेटीसकट खांद्यावर घेतली, जशी लग्नाआधी लहानग्या श्रीधरला घेऊन जत्रेत हिंडायची तशी, आणि बापूरावांच्या समोरून, भर मैदानातून खांबाच्या पलीकडं गेली. तिथं, खांबाच्या मागं, जरा बाजूला, तिनं पेटी रोवली. आता पेटीला तोंड दाखवायचं तर नावांकडं तोंड करावं लागत होतं.

"अहो बाई, आता हे काय?" बापूराव जोडलेल्या हातांसकट वळले. पाहुणेही वळले. आणि वळल्यावर चारही नावं त्यांच्या डोळ्यांपुढं आली, वरची तीन, आणि खाली, काळ्या दगडात स्वच्छ, चौथं.

"वाचा," मंदाबाई म्हणाली. "खालचंबी. मोठ्यानं."

बापूरावांनी पेटीकडं पाहिलं, बाजाराकडं पाहिलं. मग त्यांनी वाचलं. इत्यादी म्हटलं नाही.

"आता हलू नका."

तिनं झाकण काढलं आणि मुठीत घेतलं. ओठ हलवून तीनपर्यंत मोजलं, सगळ्यांना दिसेल असं. तिघं श्वास धरून उभे. मागं बाजारही उभा राहिला; पेटी कुणाकुणाला पकडते आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. मंदाबाई झाकण मुठीत घेऊन मैदान ओलांडून परत आली, गादीवर बसली आणि खोळंबलेल्या गिऱ्हाइकाचा गूळ तराजूत घातला.

"मंदाबाई," मैदानातून बापूरावांचा ओठ न हलवता काढलेला आवाज आला, "झालं काय?"

ती गूळ जोखत राहिली.